हर्णै बंदर: इतिहास, लिलाव आणि समुद्राचं वेळापत्रक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दापोली तालुक्यातल्या हर्णैला लोक दोन कारणांनी येतात, किल्ला आणि मासळी. दोन्हींचं मूळ एकच आहे: खडकांनी केलेला आडोसा. हा आडोसा पुरा नाही, अर्धाच आहे. खालच्या बऱ्याच उत्तरांत ही गोष्ट फिरून फिरून येईल.

हर्णै बरोबर की हर्णे? आणि हे मुरूड कोणतं?

दोन्ही लिहिलं जातं. आम्ही इथे हर्णै लिहितो.

मुरूडचा घोळ मात्र महागात पडू शकतो. दापोलीजवळचं मुरूड हे धोंडो केशव कर्वे यांचं गाव, हर्णैला लागूनच. जंजिरा किल्ल्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. नकाशावर नुसतं ‘मुरूड बीच’ टाकून निघालेली गाडी भलत्याच जिल्ह्यात पोहोचते. शोधताना ‘हर्णै बंदर’ किंवा ‘दापोली’ टाका.

यायचं कसं?

दापोलीहून साधारण १५ ते १७ किलोमीटर, आसूदमार्गे. दापोली स्टँडवरून एसटी मिळते. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं खेड स्टेशन, तिथून दापोली तीसेक किलोमीटर घाटवळणांनी. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याला जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) गाडी घालून वेसवीला उतरावं आणि केळशी, आंजर्ले करत यावं. रस्ता अरुंद आहे, पण महाडचा वळसा वाचतो.

एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर बंदर नेमकं इथेच का झालं?

कोकणातली बहुतेक जुनी बंदरं खाडीच्या तोंडाशी आहेत: दाभोळ, बाणकोट, जयगड. खाडीत गलबत आत ओढता येतं आणि माल नदीने वर नेता येतो. हर्णैला अशी खाडी नाही. इथे आहे एक छोटा खडकाळ उपसागर, त्याच्या कडेला समुद्रात घुसलेलं कनकदुर्गाचं टोक आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्गाचं बेट.

पावसाळा संपल्यावर या किनाऱ्यावर जोर असतो तो वायव्येच्या वाऱ्याचा. त्या वाऱ्यात हे खडक लाटा अडवतात आणि आत होड्या बऱ्यापैकी निवांत नांगरून राहतात. म्हणून ऑक्टोबर ते मे हे नांगरवाड्याचे चांगले दिवस. नैर्ऋत्येचा पाऊस लागला की हा आडोसा पुरत नाही, लाट थेट आत येते. शिडाच्या गलबतांना हेच गणित होतं आणि सहा सिलिंडरच्या इंजिनालाही तेच आहे.

एका गावात चार किल्ले कशाला?

कारण ते चार वेगळे किल्ले म्हणून पाहायचेच नाहीत. सुवर्णदुर्ग हा खरा जलदुर्ग. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड हे त्याच्या समोरचे, किनाऱ्यावरचे पहारेकरी. समुद्री किल्ल्याची कमजोरी जमिनीच्या बाजूला असते. शत्रूने किनाऱ्यावर तोफा चढवल्या की बेटावर मारा करता येतो आणि रसदही तोडता येते. ती किनारपट्टी आपल्या हातात राहावी म्हणून ही तीन ठाणी.

आज कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि तिन्ही बाजूंना पाणी. सगळं बंदर एका नजरेत बघायचं तर इथे चढा. फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती झाली आहे, गडाचे अवशेष घरांच्या आडून शोधावे लागतात. गोवागडाची तटबंदी मात्र अजून चांगली उभी आहे. त्याचा पोर्तुगीज गोव्याशी नावापुरताच सारखेपणा.

सुवर्णदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधला का?

बेटावर आदिलशाहीतही ठाणं होतं असं सांगितलं जातं. १६६० च्या सुमारास ते स्वराज्यात आलं आणि त्याला आजचं रूप महाराजांच्या काळात मिळालं. १६७१-७२ च्या जाबित्यात, म्हणजे खर्चाच्या यादीत, किल्ल्यांच्या बांधकामासाठी रकमा नेमून दिल्या आहेत. त्यात रायगडाला ५०,००० होन, तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गाला प्रत्येकी १०,००० होन. आरमाराचे तीन मोठे किल्ले एका मापाने मोजले जात होते, हे त्यातून दिसतं.

बांधणी बघताना तटाच्या पायाकडे लक्ष द्या. खालचा बराच भाग चिरे रचून केलेला नाही, बेटाचा खडकच उभा तासला आहे. त्यावर मोठमोठे चिरे चढवले आहेत. आत दगडी कोठार, पाण्याचे साठे आणि पश्चिमेला समुद्रात उघडणारा चोरदरवाजा आहे. महादरवाजाच्या पायरीवर कासव आणि शेजारच्या भिंतीवर मारुती कोरला आहे. घाईत आत शिरणारे कासवावर पाय ठेवून जातात आणि परतताना विचारतात, कासव कुठे होतं?

२०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १२ किल्ले गेले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

आंग्रे आणि हर्णै यांचा संबंध काय?

१७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी तह करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं. सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, आंग्र्यांकडे राहिलं, आणि जे किल्ले राहिले त्यांत सुवर्णदुर्ग होता. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि मुलांत फूट पडली. कुलाबा एकीकडे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग दुसरीकडे. ही दक्षिणेची बाजू पुढे तुळाजी आंग्र्यांकडे आली आणि त्यांचं पेशव्यांशी बिनसलं.

१७५५ मध्ये किल्ला पडला कसा?

नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हात मिळवला. कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज आणि आणखी काही लहान जहाजं घेऊन मार्च १७५५ मध्ये मुंबईहून निघाला. पेशव्यांचं आरमार सोबत होतं. तुळाजींची जहाजं नांगर तोडून दक्षिणेला निसटली. जेम्सने जयगडच्या बाजूला पाठलाग केला, पण ती हाती लागली नाहीत. मग तो हर्णैला परतला आणि किल्ल्यावर जवळून तोफा डागल्या. तासलेल्या खडकाला गोळ्यांनी फारसं काही झालं नाही. घात झाला तो आतल्या दारूकोठाराचा स्फोट झाल्यावर. किनाऱ्यावरचं ठाणंही हातचं गेलं आणि बेटावरच्या शिबंदीला टिकाव धरता आला नाही.

इंग्रजांनी किल्ला ठरल्याप्रमाणे पेशव्यांना दिला आणि १७५६ च्या तहाने बाणकोट स्वतःकडे ठेवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि तुळाजींचं आरमार संपलं. मराठ्यांचं सर्वांत जाणतं आरमार मराठ्यांनीच इंग्रजांच्या मदतीने बुडवलं. आमच्या मते सुवर्णदुर्गाच्या इतिहासातलं सर्वांत कडू पान हेच.

जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक त्रिकोणी मनोरा बांधला, ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. तो अजून उभा आहे. त्यावरच्या लेखात २ एप्रिल १७५५ ही तारीख आहे आणि किल्ला ‘मलबार किनाऱ्यावरचा’ म्हटला आहे. लंडनहून बघताना हर्णै आणि मलबार एकच दिसत असणार.

दुसरा बाजीराव इथे लपला होता, हे खरं का?

हो. २५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी त्याच्या फौजेचा पराभव केला. तो महाडमार्गे सुवर्णदुर्गाला आला आणि इथून समुद्रमार्गे वसईच्या बाजूला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. १८१८ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

आगबोटी थांबत त्या काळात धक्का होता का?

मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या आगबोटींचा हर्णै हा थांबा होता. पण आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून (लहान होडीतून) ये-जा करत. लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावातून शिडीवर पाऊल टाकायचं, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना अवघडच. पावसाळ्यात फेऱ्या बंद. रस्ते आणि एसटी आल्यावर ही वाहतूक सरली. हर्णैचा व्यापार मग मासळीवर येऊन टेकला.

मासळीचा लिलाव कधी आणि कसा होतो?

सकाळी साधारण सातनंतर एक आणि दुपारी चारनंतर दुसरा. संध्याकाळचा मोठा असतो. नेमकी वेळ बोटी कधी येतात त्यावर असते, त्यामुळे अर्धा तास आधी पोहोचा.

मोठ्या बोटी बाहेर पाण्यात नांगरतात. त्यांतली मासळी छोट्या होडीत उतरवतात, होडी उथळ पाण्यात येते आणि तिथून माल वाळूवर आणायचं काम माणसं डोक्यावरून किंवा बैलगाडीने करतात. गाडी सरळ पाण्यात घालतात. बैलाच्या पोटाला पाणी लागेपर्यंत तो शांत उभा असतो, लाट आली की फक्त मान वर करतो. टोपल्या चढल्या की गाडीवान हाळी देतो आणि चाकं ओल्या वाळूत रुतत बाहेर निघतात. पर्यटक याचे फोटो काढतात, पण ही गाडी हौसेची नव्हे. मऊ ओल्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात बैलगाडीइतकं बिनतक्रार चालणारं वाहन सहज मिळत नाही. खाऱ्या पाण्यात उतरलेल्या टेम्पोचे ब्रेक आणि पत्रा किती दिवस टिकतील ते सांगायला नको.

वाळूवर मासळीची जातवार विभागणी होते: पापलेट, सुरमई, हलवा वेगळे, कोळंबी आकाराप्रमाणे वेगळी, म्हाकूळ वेगळी आणि उरलेली बारीक मिसळ एकत्र. मग ढिगाभोवती घेणारे गोळा होतात आणि बोली चढते. एक ढीग मिनिटा-दोन मिनिटांत जातो. बोली ढिगावर असते, किलोवर नाही. वजन डोळ्याने जोखायचं, आणि खरं कसब तेच आहे.

आम्ही बोली लावू शकतो का?

कोणी अडवत नाही, पण लावू नका. ढीग तुमच्या गरजेच्या कितीतरी पट असतो, आणि बोली लावून मागे हटलात तर सगळ्यांचा खोळंबा होतो. लिलावात माल घेऊन तिथेच बाजूला बसणाऱ्या कोळणींकडून घ्या. त्या वाट्यावर किंवा वजनावर देतात. घासाघीस चालते, पण आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. भाव पाडून मागितलात तर ‘दादा, बोट तुम्हीच घेऊन जा’ असं ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

साफ करून हवी असेल तर भाव ठरवतानाच सांगा. सुरमईच्या तुकड्या पाडायचे पैसे वेगळे लागू शकतात.

ताजी मासळी कशी ओळखायची?

कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. तपकिरी, चिकट कल्ला म्हणजे शिळा मासा. डोळा फुगीर आणि काळाभोर असावा, खोल गेलेला नको. अंग दाबलं की खड्डा भरून यावा. पापलेटला कल्ल्याजवळ दाबतात: पांढरट द्रव आला तर ताजं, लालसर पाणी आलं तर नको. कोळंबीचं डोकं काळं पडलं असेल किंवा ओढताच सुटून येत असेल तर पुढे चला.

बांगडा आणि सुरमईबाबत जास्त काटेकोर राहा. हे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. त्याने अंगावर पुरळ येतो, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. शिजवल्याने किंवा तळल्याने ते जात नाही. मासा चाखताना जिभेला चुरचुरला तर टाकून द्या.

पुण्या-मुंबईपर्यंत मासळी टिकते का?

टिकते, पण बर्फात कंजुषी केली नाही तर. मासळीच्या वजनाइतका बर्फ घ्या. तीन किलोला तीन किलो. पद्धत अशी:

थर्माकोलच्या खोक्याच्या तळाशी दोन बोटं बर्फाचा चुरा. त्यावर मासळीचा एक थर, पुन्हा चुरा, शेवटचा थर बर्फाचाच. मोठे खडे टाकू नका, त्यांच्यामध्ये हवा राहते आणि मासा दबून फुटतो. खालच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडा आणि खोकं परातीत ठेवा. वितळलेल्या पाण्यात सहा तास बुडालेलं पापलेट लगद्यासारखं होतं. मोठ्या माशाचं पोट आधीच काढून घ्या, कुजणं तिथूनच सुरू होतं. बोंबील लांब न्यायचा विचार सोडून द्या. तो मुळात पाण्याने भरलेला, घरी पोहोचेपर्यंत अर्धा विरघळतो. ओला बोंबील इथेच खा, सुका घरी न्या.

भाव रोज एवढा वर-खाली का होतो?

किती बोटी आल्या, वारा कसा होता आणि वार कोणता आहे. शनिवार-रविवारी पर्यटक असतात म्हणून भाव चढतो. श्रावणात मागणी घटते, पण आवकही नुकतीच सुरू झालेली असते. संकष्टी, एकादशी, सोमवार अशा दिवशी किरकोळ गिऱ्हाईक कमी. बुधवारी सकाळी या, फरक दिसेल.

जून-जुलैमध्ये आलो तर मासळी मिळेल का?

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, राज्याच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला. इंजिन नसलेल्या होड्यांना बंदी नाही, पण त्या बाहेर फार जात नाहीत. या दिवसांत खाडीतली मासळी मिळते: बोय, चिंबोऱ्या, तिसऱ्या. ‘आजचं ताजं पापलेट’ म्हणून जुलैत कोणी दिलं तर ते बर्फातलं आहे असं समजा.

बंदी १ ऑगस्टला उठत असली तरी बरेच कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच बोट लोटतात. पौर्णिमा उशिरा आली तर आधीचे दिवस समुद्र बघण्यात जातात.

भरती-ओहोटीची वेळ मोबाइलशिवाय काढता येते का?

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला ४ चे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती. भरती रोज साधारण ४८ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते, म्हणून पाऊणचा गुणक. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा होडीत बसण्याआधी गावात विचारा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. उधाणात पाणी जोरात चढतं आणि तितक्याच जोरात ओसरतं. डोल जाळ्यांचा धंदा या ओढीवरच चालतो.

डोल जाळं म्हणजे काय? आणि ट्रॉल?

डोल हे मोठ्या नरसाळ्यासारखं जाळं, समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं. तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि बोंबील, जवळा, मांदेली शेवटच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या बंद पिशवीत साठतात. पाण्याची दिशा बदलण्याआधी जाळं उचलावं लागतं, नाहीतर माल उलटा बाहेर जातो. भांगात ओढ नसते, म्हणून डोलवाले त्या दिवसांत जाळी दुरुस्त करतात.

ट्रॉल बोटीमागून ओढतात, तळाला घासत. त्यात कोळंबी चांगली मिळते, पण सोबत बारीकसारीक सगळंच येतं. डोलच्या खोल्याचा आसही (जाळ्याचं भोक) इतका बारीक की पापलेटची बोटभर पिल्लं अडकतात. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, पण पिल्लं जाळ्यात येत राहिली तर त्या मानाचा पापलेटला उपयोग काय? एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर बंदी आहे. पर्ससीनवरही (मासळीच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं) २०१६ पासून कडक निर्बंध आहेत. मोठी जाळी आणि लहान होड्या यांच्यातल्या वादाचं मूळ सोपं आहे: एक मोठं जाळं एका रात्रीत जे उचलतं त्यावर लहान होड्यांचे कितीतरी दिवस गेले असते.

वादळाचा इशारा आला की बोटी कुठे जातात?

अर्ध्या आडोशाचं दुखणं इथे दिसतं. हर्णैच्या नांगरवाड्यात वादळात राहता येत नाही. जवळ आंजर्ल्याची खाडी आहे, तिथे बोटी आत घालतात. पण खाडीच्या तोंडाशी गाळाचा पट्टा साचतो. पुरी भरती नसेल तर बोटीचा तळ वाळूला टेकतो, आणि टेकलेल्या बोटीला मागची लाट आडवी करते. म्हणून तांडेल (बोटीचा प्रमुख) दोन घड्याळं बघतो, वादळाचं आणि भरतीचं. वेळ जमत नसेल तर लांब जयगड किंवा दिघी गाठायची.

११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ हंगामात आलं, बोटी बाहेर असताना. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. त्याने हर्णै, आंजर्ले, केळशी पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं जातात, त्यामुळे बागवाल्याचं नुकसान घराच्या छपरासारखं वर्षभरात भरून निघत नाही.

सुकी मासळी घेताना काय बघायचं?

सुका बोंबील दाबून पाहा, कडकडीत हवा. वाकला आणि मोडला नाही तर आत ओल आहे, महिन्याभरात बुरशी धरेल. रंग फिकट पिवळसर चालतो, लालसर तपकिरी नको. जवळा मुठीत घेऊन सोडा, मोकळा पडायला हवा. वाळू किती आहे तेही कळेल. बांबूच्या वलांडीवर जोडी-जोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळवलेला बोंबील वाळूवर पसरून वाळवलेल्यापेक्षा स्वच्छ असतो आणि थोडा महाग. एप्रिल-मेचा माल घ्या. ऑक्टोबरच्या मालावर परतीचा पाऊस पडून गेलेला असू शकतो.

घरी आणल्यावर एक ऊन द्या आणि मगच डब्यात भरा.

सुवर्णदुर्गावर जायला होडी मिळते का?

समुद्र शांत असेल तर हर्णै बंदरातून मिळते. अंतर किलोमीटरभरही नाही. पावसाळ्यात जाता येत नाही. होडी ठरवताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: पैसे माणशी की होडीचे, गडावर किती वेळ थांबणार आणि परत न्यायला तीच होडी येणार का. लाइफ जॅकेट मागा. धक्का नाही, गुडघाभर पाण्यात शेवाळलेल्या खडकांवर उतरावं लागतं, तेव्हा चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल बरी. गडावर दुकान नाही, सावली तुरळक आणि आतलं पाणी पिण्यासारखं नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. आत रान माजलेलं असतं, पूर्ण पँट घाला. दीड तास पुरतो.

दुपारनंतर वारा वाढतो आणि परतताना होडी उडते. सकाळचा लिलाव बघून आठ-नऊला निघालात तर दोन्ही जमतं.